इरा एकदाही पडली नाही

सोळा पोस्ट, मिळून अकरा हजारांवर शब्द. तटावरची पहाट, ढालीचं वजन, मनगटावर उठलेले वळ, थंडीत तोंडातून निघणारी वाफ, काही म्हणून सोडलं नव्हतं. तीन महिने रात्री जागून मी माझ्या इराला तलवार शिकवली आणि मग बढतीचा अर्ज टाकला. शागीर्द होती, आता पहारेकरी करा. दोन दिवसांनी उत्तर आलं.

‘सगळं वाचलं. छान आहे. पण यात इरा एकदाही पडलेली नाही. थांबू या.’

मला राग आला. नियमांत शब्दसंख्या होती, पोस्टची संख्या होती, शिकायच्या डावांची यादी होती. पडण्याचा रकाना कुठेच नव्हता. मी ते उत्तर एका मैत्रिणीला पाठवलं आणि त्याखाली दोन परिच्छेद भरून कुरकुर केली. ती असलं काही खेळत नाही. तिने एवढंच विचारलं, ‘पण ही इरा कोण?’

तर इरा कोण, ते आधी सांगते.

सामूहिक रोलप्ले, आमच्या बोलण्यात नुसतं ‘आरपी’, म्हणजे अनेकांनी मिळून लिहायची, कधी संपेल याचा भरवसा नसलेली गोष्ट. जग सगळ्यांचं, पात्र ज्याचं त्याचं. माझ्या पात्राने काय केलं ते मी लिहायचं, तुझ्या पात्राने काय केलं ते तू. एक पोस्ट माझी, मग एक तुझी. आमच्या जगात एक लांबच लांब तट होता, तटापलीकडे धुकं होतं आणि धुक्यातून काय येईल याचा नेम नव्हता. तटावर पाच पायऱ्या: उमेदवार, शागीर्द, पहारेकरी, नाईक, उस्ताद. दुसरीकडे हीच उतरंड इंग्रजी अक्षरांत असते, ई किंवा डीपासून निघून एपर्यंत आणि त्याच्याही डोक्यावर एस. नवं पात्र रिकाम्या हाताने येतं. मग त्याच्या प्रशिक्षणाचे प्रसंग लिहायचे. एकट्याने लिहिले तर तो सोलो, गुरूबरोबर लिहिले तर जोडीचा थ्रेड, म्हणजे एकाखाली एक पोस्टची साखळी. ठरलेले शब्द भरले की एक डाव पात्राच्या पत्रकात चढतो. पुरेसे डाव चढले की अर्ज. मॉडरेटर, म्हणजे खेळावर देखरेख ठेवणारे, तो वाचून हो म्हणतात किंवा थांबवतात.

सरकारी कचेरीसारखं वाटतं, आणि आहेच तसं. पण हे नसलं तर काय होतं तेही मी पाहिलं आहे. पहिल्याच दिवशी कुणीतरी एक हजार वर्षांचा, अनाथ, देखणा, अबोल राजपुत्र घेऊन येतो आणि त्याच्या डाव्या हाताच्या करंगळीला सगळं तटबंदीचं सैन्य भारी पडत नाही. दुसऱ्या दिवशी त्याचा तितकाच अमर भाऊ येतो. तिसऱ्या दिवशी गोष्टच उरत नाही, कारण कुणाचं काही अडतच नाही. पायऱ्या असतात त्या घोडं अडावं म्हणून.

ही शिडी आमच्या खेळाने शोधून काढलेली नाही. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा पात्रं होऊन खेळायचा खेळ आला, आणि पात्राने अनुभवाचे गुण कमवत एकेक पातळी चढायची ही कल्पना तिथून जगभर गेली. त्या पहिल्या पुस्तिकांत प्रत्येक पातळीला पदवी होती. योद्ध्याची चौथी पायरी ‘हीरो’, आठवी ‘सुपरहीरो’, नववी ‘लॉर्ड’. आणि सगळ्यांत खालची, नुकताच तलवार हातात घेतलेल्याची पदवी? ‘व्हेटरन’. म्हणजे मुरलेला शिपाई! पहिल्याच पायरीवर मुरलेला म्हटल्यावर पुढच्या आठ पायऱ्या माणसाने कशासाठी चढायच्या, हे मला अजून कळलेलं नाही.

मला त्याहून आवडतो तो १९७९चा एक नियम. ‘ॲडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या, खेळ चालवणाऱ्यासाठी असलेल्या पुस्तकात गायगॅक्सने लिहून ठेवलं की नुसते गुण पुरेसे झाले म्हणून पातळी वाढत नाही, पात्राने गुरूकडे जाऊन प्रशिक्षण घ्यायला हवं. फी आठवड्याला, पात्राच्या पातळीगणिक १,५०० सोन्याची नाणी. आणि आठवडे किती? ते ठरायचं खेळाडू आपल्या पात्राशी किती इमानाने वागला यावर. प्रत्येक मोहिमेनंतर त्याला श्रेणी द्यायची, उत्कृष्टपासून वाईटपर्यंत, १ ते ४. त्यांची सरासरी म्हणजे आठवड्यांची संख्या. योद्धा म्हणवणारा लढाईत मागे मागे राहिला, चोर म्हणवणारा छाती काढून समोरून भिडला, तर त्याला शिकायला जास्त दिवस लागणार आणि खिसाही जास्त रिकामा होणार. फार कुणी हा नियम पाळत नसे म्हणतात, हिशोब कटकटीचा होता. पण त्यामागची नजर मला थोर वाटते. पात्राच्या शिक्षणाची किंमत खेळाडूच्या खोटेपणावर ठरवायची!

त्याच्या वर्षभर आधी, १९७८मध्ये, एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी ‘मड’ सुरू केला होता. संगणकावरचं, निव्वळ शब्दांतून उभं राहणारं, एकाच वेळी अनेकांना वावरता येईल असं जग. तिथेही गुण होते आणि पातळ्या होत्या. सगळ्यांत वर पोचलेला ‘विझर्ड’ होई, आणि विझर्ड झाला की त्याच्या हाती खेळावरचेच अधिकार येत. वर चढणारा शेवटी जगाचा कारभारी होतो, ही खोड आमच्यात तिथूनच आली असावी. पुढे १९८९मध्ये कार्नेगी मेलनमध्ये जेम्स ॲस्पनेसने ‘टायनीमड’ केला आणि त्यात चढायची शिडीच ठेवली नाही. गुण मिळवायला राक्षस मारायचे नाहीत म्हटल्यावर लोकांनी काय करावं? ते बोलत बसले, खोल्या बांधत बसले, एकमेकांना पात्रं होऊन भेटू लागले. शिडी काढून घेतली की माणसं गोष्टीकडे वळतात, असं यावरून म्हणता येईल. मी मात्र तसं म्हणणार नाही, कारण मला शिडी हवी होती. इराला पहारेकरी करायची होती.

आता तो पडण्याचा प्रश्न.

आमच्या खेळाचा पहिला नियम खरं तर व्याकरणाचा आहे. ‘इराने त्याच्या खांद्यावर वार केला आणि तो कोसळला’ हे वाक्य मला लिहिता येत नाही. पूर्वार्ध माझा, उत्तरार्ध तुझा. दुसऱ्याचं पात्र कोसळलं हे परस्पर लिहून मोकळं होणं म्हणजे पॉवरप्ले. माझ्या पात्राला काहीच लागत नाही असं लिहीत राहणं म्हणजे गॉडमॉडिंग. दोन्हींवर बंदी. मग लिहायचं कसं? इंग्रजीतून खेळणारे ‘प्रयत्न केला’, ‘प्रयत्न केला’ असं दर ओळीला घालून वाचणाऱ्याला जेरीस आणतात. मराठीत लिहायला लागल्यावर माझ्या ध्यानात आलं की आपल्या भाषेने ही सोय कधीची करून ठेवली आहे. ‘धरलं’ आणि ‘धरायला गेली’. ‘मारलं’ आणि ‘मारून पाहिलं’. ‘रोखलं’ आणि ‘रोखू पाहत होती’. एवढ्याशा शेपटीने समोरच्याला दार उघडं राहतं.

आणि ‘लागणे’ हे क्रियापद तर जणू आमच्यासाठीच घडवलेलं. वार मी करते, पण तो लागतो दुसऱ्याला. तेव्हा ‘लागला’ हा शब्द लिहायचा हक्क ज्याला लागला त्याचा. माझ्या पत्रकात शागीर्द लिहिलेलं असो की उस्ताद, समोरच्याने आपल्या हाताने ‘लागला’ असं लिहीपर्यंत इराची ताकद म्हणजे पत्रकातलं एक अक्षर. बढती मॉडरेटर देतात हे नावापुरतं. खरी बढती प्रत्येक वेळी समोरच्याच्या वाक्यात होते किंवा होत नाही.

सोलोत समोर कुणी नसतं. माझ्या सोळा पोस्टमध्ये इरा एकटी, तट एकटा, आणि वार घ्यायला एक लाकडी खांब. खांबाला मी हवं तितकं मारलं. त्याच्या ढलप्या उडाल्या, इराच्या तळहातांना फोड आले, ते फुटले, त्यावर तिने फडकं बांधलं. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. इथे टाकी माझ्याच हातात, दगडही मीच, आणि किती जोरात मारायचं हेही मीच ठरवत होते. देवपण येणार तरी कुठून?

जिगोरो कानोने १८८२मध्ये ज्युडोची शाळा काढली. आज पट्ट्यांचे जे रंग आणि ‘दान’ नावाच्या ज्या पायऱ्या आपल्याला माहीत आहेत, त्यांतल्या दान-पायऱ्या त्याने ‘गो’ या पटावरच्या खेळाकडून उचलल्या आणि १८८३मध्ये दोन शिष्यांना पहिला दान दिला. आरपीतली निम्मी उतरंड फिरून फिरून तिथेच जाते. पण ज्युडोत नवा विद्यार्थी आधी काय शिकतो? पडायला. ‘उकेमी’ म्हणतात त्याला. हनुवटी छातीशी, पाठ गोल, हात जमिनीवर आपटून धक्का पसरवायचा. आणि सरावाची जोडी असते, तिच्यात फेकणारा तो तोरी आणि फेकला जाणारा तो उके. उके नुसता पडत नाही. तो खरा तोल देतो, खरा जोर लावतो आणि मग खरा पडतो. उके खोटा असेल तर तोरी दहा वर्षांनीही काही शिकत नाही.

हे मी अर्थात नंतर वाचलं. रागाच्या भरात माणूस काही वाचत नाही.

नकाराचं ते उत्तर ज्या व्यक्तीने लिहिलं होतं तिचं पात्र होतं उस्ताद भालबा. पांढऱ्या मिशांचा, गुडघा धरलेला, तटाच्या जिन्यावर बसून काठी तासणारा म्हातारा. भालबा लिहिणारी व्यक्ती पुरुष की बाई हे मला दीड वर्ष कळलं नाही. थ्रेडबाहेरच्या गप्पांत ‘लिहितो’ किंवा ‘लिहिते’ कधीच नाही. ‘पोस्ट टाकली आहे.’ ‘उद्या जमणार नाही.’ ‘वाचून झालं, बोलू.’ मराठीत इतक्या सफाईने लिंग लपवायचं तर वाक्यावर मजबूत पकड लागते. मला तेव्हाच ओळखायला हवं होतं की हे माणूस साधं नाही.

मी कुरकुरत असतानाच भालबाने जोडीचा थ्रेड उघडला. पहिली पोस्ट जेमतेम चार ओळींची. म्हाताऱ्याने काठी उचलली नाही, तो नुसता इराच्या पायांकडे बघत राहिला आणि म्हणाला, ‘अगं, तो उजवा पाय कुणाची वाट बघतोय?’

सोळा पोस्टमध्ये मी इराच्या पायांबद्दल एक अक्षर लिहिलं नव्हतं. तिला पाय आहेत हेच मला माहीत नव्हतं म्हणा ना. आता उत्तर द्यायचं म्हणजे तो पाय कुणाची तरी वाट बघत असायला हवा. मी दोन दिवस विचार केला. मग लिहिलं की लहानपणी इरा एका जखमी भावाला आधार देत चालायची, डाव्या अंगाला त्याचं ओझं, म्हणून तिचा सगळा भार अजून उजव्या पायावर जातो. भाऊ आता नाही. पाय अजून तिथेच आहे. हे मला आधी ठाऊक नव्हतं. इराच्या पत्रकात ‘कुटुंब: कुणी नाही’ एवढंच होतं. भालबाने एक प्रश्न विचारला आणि त्या रकान्यातून एक माणूस निघाला.

पुढच्याच पोस्टमध्ये त्याने काठीने त्या उजव्या पायाला हूल दिली. हूल, बरं का, ‘पाडलं’ असं लिहिलं नाही. लिहिलं होतं, ‘भालबाने काठी तिच्या घोट्यामागे सरकवून पाहिली.’ पुढचं माझ्यावर. इरा चपळ आहे, ती उडी मारून चुकवेल असं मला लिहिता आलं असतं, नियमात बसलं असतं. मी बोटं कीबोर्डवर ठेवून बसले. आणि मग लिहिलं, ‘पडली.’ एका शब्दाचं वाक्य. अकरा हजार शब्दांनी जे झालं नव्हतं ते त्या तीन अक्षरांनी झालं, तटावर खरोखर दोन माणसं उभी राहिली. म्हणजे एक उभं आणि एक आडवं.

त्या थ्रेडमध्ये इरा पाच वेळा पडली आणि एकदाही तशीच पडली नाही. पहिल्यांदा आश्चर्याने. दुसऱ्यांदा चिडून, काठी येतेय हे दिसत असूनही. तिसऱ्यांदा काठी आलीच नाही, येईल या धास्तीने ती स्वतःच तोल जाऊन पडली, आणि भालबा लिहिणाऱ्याने थ्रेडबाहेर एक हसणारा चेहरा पाठवला. चौथ्यांदा बरी पडली. पाचव्यांदा पडता पडता तिने काठी धरली. थ्रेड तिथे थांबला. सगळा मिळून अडीच हजार शब्दांचा असेल. त्यावर ती पहारेकरी झाली, अर्ज न करता.

तेव्हापासून प्रशिक्षण कसं लिहावं याबद्दल माझी काही मतं झाली आहेत, आणि मागितली नसताना मी ती देते. सराव लिहू नये. शंभर वेळा तलवार फिरवली, मग दोनशे वेळा फिरवली, हे वाचताना वाचणाऱ्याचेच हात भरून येतात. पहिली वेळ लिहावी, चुकीची वेळ लिहावी, आणि मग कधीतरी तो दिवस लिहावा ज्या दिवशी पात्र त्या डावाचा विचारच करत नव्हतं आणि हात आपोआप गेला. शरीराबद्दल खरं लिहावं. माझ्या इराचं अंग सरावाच्याच रात्री ठणकायचं. खरं अंग जास्त दुखतं ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, जेव्हा आपण ती मेहनत विसरून जिना उतरायला जातो. पहिल्या काही आठवड्यांत वाढलेली ताकदही बहुतांशी दंड फुगल्यामुळे आलेली नसते. आहेत तेच स्नायू एकसाथ कामाला लावायला मज्जासंस्था शिकते, म्हणून येते. म्हणजे शागीर्द आरशात बघेल तर त्याला काहीच बदललेलं दिसणार नाही, आणि तरी कालची ढाल आज उचलली जाईल. केवढा प्रसंग आहे हा! पण आम्ही सगळे पिळदार दंडांकडे धावतो. आणि तलवारीचं वजन. माझ्या पोस्टांत ती ‘प्रचंड जड’ होती. एका हाताने चालवायची लढाईतली तलवार साधारण सव्वा किलोच्या आसपास भरते, पाण्याच्या भरलेल्या लिटरच्या बाटलीहून थोडी जास्त. जड तलवार नसते. हात लांब करून ती तशीच धरून ठेवणं जड असतं, आणि ते कुणाच्याही घरी बाटली घेऊन पाच मिनिटांत समजतं. मी समजून घेतलं. साडेतीन मिनिटांत.

एक पात्र एका वेळी एकच गोष्ट शिकतं, आणि शिकलेलं विसरतंही. थकल्यावर इराचा भार आजही उजव्या पायावर जातो. नाईक झाली तरी जातो. पत्रकात तो डाव ‘पूर्ण’ आहे.

शिडीचे तोटे मात्र आहेत, आणि ते मी पुष्कळ भोगले, थोडे इतरांना भोगायलाही लावले. शब्दसंख्या ठेवली की लोक पाट्या टाकतात. सूर्योदय दोनदा होतो, वारा तीनदा वाहतो, पात्र आपल्या गतायुष्याकडे चार परिच्छेद बघतं. दोघे जण एकमेकांच्या थ्रेडमध्ये मुकाट्याने मार खाऊन एकमेकांना वर चढवतात, त्याला आम्ही ‘साटंलोटं’ म्हणायचो. त्याहून मोठा अन्याय वेळेचा. ज्याच्याकडे रात्री मोकळ्या आहेत तो उस्ताद होतो. ज्याच्या घरी आजारी माणूस आहे, ज्याची परीक्षा आहे, तो दोन महिन्यांनी परत येतो तेव्हा त्याच्याबरोबरचे सगळे दोन पायऱ्या वर गेलेले असतात आणि त्याच्या पात्राला पाणी आणायला सांगतात. आमच्यातला सगळ्यांत चांगला लिहिणारा कायम शागीर्द राहिला. आठवड्यातून एक पोस्ट, तीही पाच ओळींची. ती वाचायला आम्ही सगळे थांबायचो. पत्रकाच्या लेखी तो नवशिका.

आणि शेवटी जे व्हायचं ते झालं. तिसऱ्या वर्षी मोजदाद केली तर तटावर अकरा उस्ताद, सहा नाईक आणि एक शागीर्द. पहारा द्यायला कुणी नाही! धुक्यातून काही आलं तर अकरा म्हातारे काठ्या तासत बसलेले. मग मॉडरेटरांनी ठरवलं की उस्तादाची जागा रिकामी झाल्याशिवाय नवा उस्ताद होणार नाही. जुन्या ‘ॲडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये ड्रुइडांसाठी, म्हणजे निसर्गाच्या पुजारी पात्रांसाठी, असंच काही होतं: वरच्या जागा मोजक्या, शिखरावर एकच, आणि तिथे बसायचं तर बसलेल्याला हरवायचं. आमच्याकडे या नियमावरून इतकी भांडणं झाली की त्यावर वेगळा रोलप्ले निघाला असता. दोघे जण रुसून निघून गेले आणि त्यांनी आपलं वेगळं जग मांडलं.

रुसून वेगळं जग मांडणं ही या खेळाची जुनीच रीत. जून १८२६मध्ये इंग्लंडमधल्या ब्रॉन्टे कुटुंबातल्या (याच घरातल्या तिघी बहिणी पुढे कादंबरीकार म्हणून गाजल्या) ब्रॅनवेलला वडिलांनी लाकडी शिपायांचा संच आणून दिला. चार भावंडांनी एकेक शिपाई उचलला, नावं ठेवली आणि त्यांच्याभोवती राज्य रचायला सुरुवात केली. शार्लट दहा वर्षांची, ॲन सहाची. ही पोरं पुढे वर्षानुवर्षं लिहीत राहिली. एकाने लढाई लिहायची, दुसऱ्याने तिचे परिणाम. आरपी म्हणजे याहून वेगळं काय? आणि बढत्या बघा. शार्लटच्या लाडक्या नायकाच्या पदव्या वाढतच गेल्या: आधी मार्क्विस ऑफ डूरो, मग ड्यूक ऑफ झमोर्ना, मग अँग्रियाचा राजाच. कुठला मॉडरेटर नाही, कुठला अर्ज नाही. धाकट्या एमिली आणि ॲन यांच्या वाट्याला त्या खेळात दुय्यम भूमिका येत, आणि साधारण १८३१च्या सुमारास त्या दोघी फुटून निघाल्या. त्यांनी गोंडाल नावाचं आपलं वेगळं बेट वसवलं.

माझा जीव त्यापुढच्या एका गोष्टीत अडकतो. १८४५च्या उन्हाळ्यात या दोघी बहिणी यॉर्कला फिरायला गेल्या. एमिली २६ वर्षांची, ॲन २५ची. आणि त्या प्रवासभर त्या गोंडालमधली पात्रं होऊन खेळत होत्या, हे एमिलीने महिन्याभराने आपल्या टिपणात लिहून ठेवलं आहे. काय खेळत होत्या? ती पात्रं शिक्षणाच्या महालांमधून पळून निघाली होती, राजपक्षाला जाऊन मिळायला. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मोठ्याने हसले. एकोणीस वर्षं चाललेला खेळ, आणि पात्रं काय करतात, तर प्रशिक्षण सोडून पळतात. त्यांना कुणी अडवून शब्दसंख्या विचारली नसेल.

इरा नाईक झाली ती त्या भांडणांच्या आधी. तेव्हा एक गोष्ट घडली जिची मी तयारी केली नव्हती. पत्रकातला शब्द बदलला, थोड्या शुभेच्छा आल्या, ते सगळं ठीक. पण दुसऱ्या दिवशी एका पहारेकऱ्याने तिला ‘तुम्ही’ म्हटलं. काल हाच पोरगा तिला ‘ए इरा’ म्हणत होता, तिच्या ताटातलं उचलून खात होता. त्याच्या लेखकाने नियमाप्रमाणे बरोबरच केलं होतं. तटावर नाइकाला अहोजाहो करतात. पण मराठीत ते एका शब्दावर भागत नाही. ‘आलीस का’चं ‘आलात का’ होतं, ‘बघ’चं ‘बघा’, ‘तुझी’चं ‘तुमची’. प्रत्येक वाक्याच्या शेपटीत ती बढती टोचत राहते. बाकीच्या पहारेकऱ्यांनीही सुरू केलं. आठवडाभरात इराच्या आसपासची सगळी क्रियापदं ताठ उभी राहिली.

आणि मग भालबाची पोस्ट आली. तटावर रात्रीची पाळी, धुकं चढत आलेलं. म्हातारा जिन्यावरून उठला, बाजूला सरकला आणि म्हणाला, ‘नाईक, तुम्ही पुढे व्हा.’

एवढंच. उस्ताद वरच्या पायरीचा, त्याला ‘तू’ म्हणायचा पूर्ण हक्क. त्याने तो सोडला. याहून मोठा मान त्या तटावर नव्हता आणि लिहिणाऱ्याला ते पक्कं ठाऊक होतं. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण त्या रात्री मी थ्रेडबाहेर लिहिलं, ‘भालबाने इराला अगं म्हणणं बंद केलं का?’

बराच वेळ उत्तर नव्हतं. मग आलं, ‘आता म्हणता येणार नाही. इरालाच आवडणार नाही.’

खरं होतं ते. इराला नसतंच आवडलं. मलाच हवं होतं.

पुढे जवळजवळ वर्षभर ‘तुम्ही’ चाललं. मोहिमा झाल्या, नवे उमेदवार आले, इराने दोघांना शिकवलं. त्यांच्याकडून मार खाताना मला हळूहळू कळलं की उकेचं काम तोरीहून कठीण आहे. कच्च्या हाताचा, चुकीच्या कोनातून आलेला वार ‘लागला’ असा लिहायचा, पण असा की त्या पोराला आपण फुकट जिंकलो असं वाटू नये. दर वेळी मी पोस्ट तीनदा खोडायचे. भालबाने माझ्यासाठी किती खोडल्या असतील, ते विचारायचं राहून गेलं.

त्यानंतरच्या मोठ्या लढाईत धुकं तट ओलांडून आत आलं. सात जण लिहीत होते, पोस्टींची एकच घाई. इराला जिन्याच्या तोंडाशी उभी करून मी लिहिलं की दोन रात्री जागलेली, दमलेली नाईक वळायला गेली आणि भार गेला उजव्या पायावर. जुनाच पाय. मी ते मुद्दाम लिहिलं नव्हतं, खरंच. हाताला सवयीचं होतं म्हणून आलं. ‘इरा पडली.’ सात पायऱ्या खाली.

पुढची पोस्ट भालबाची होती आणि ती चार मिनिटांत आली. एरवी त्या व्यक्तीला एका पोस्टला दोन दिवस लागायचे. म्हातारा धरलेला गुडघा घेऊन जिना उतरत होता, कुठलंच वर्णन नाही, धुक्याचं नाही, तलवारीचं नाही.

‘अगं, परत तोच पाय! लागलं का? ऊठ, ऊठ बघू.’

हे म्हाताऱ्याच्या तोंडून निसटलं की लिहिणाऱ्याच्या हातून, मी विचारलं नाही. मॉडरेटरांपैकी कुणीही ते दुरुस्त केलं नाही. मी उत्तर लिहायला घेतलं. लागलं होतं की नाही, ते माझ्याच वाक्यात ठरणार होतं.